सुधराईची शाळा : चार वर्षांनंतरचा अभिप्राय

आमची धाकटी मुलगी जून २०२१ मध्ये बडोद्यातील महापालिकेच्या एका प्राथमिक शाळेत पाचवीत दाखल झाली आणि २०२५ च्या उन्हाळ्यात आठवी पूर्ण करून तेथून बाहेर पडली. या शाळांच्या बातम्या मी त्याआधीही वाचत असे. प्रवेशोत्सव पार पडला, स्मार्ट वर्गाचे उद्घाटन झाले, अमुक स्पर्धेत ढाल मिळाली, प्रमुख पाहुण्यांनी समयोचित भाषण केले, असा त्या बातम्यांचा ठरलेला साचा असतो. चार वर्षे रोज पाहिलेली शाळा मात्र त्या बातम्यांतल्या शाळेशी फारशी जुळली नाही. काही बाबतींत ती उणी निघाली, पण ज्यासाठी मूल शाळेत घालायचे त्या बाबतीत पुष्कळच सरस निघाली, आणि नेमके तेच कोठे छापून येत नाही. म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. शाळेचे नाव देत नाही, कारण उणिवाही लिहिणार आहे आणि त्यांचा राग कोणा एका शिक्षकावर निघू नये अशी इच्छा आहे.

त्याआधी ती एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होती. कोरोनाच्या काळात मकरपुरा जी.आय.डी.सी.तल्या कारखान्यात माझ्या यजमानांचा ओव्हरटाइम बंद झाला, पगारही काही महिने अर्धाच येत होता, आणि मोबाइलवरच्या चाळीस मिनिटांच्या वर्गासाठी पूर्ण फी भरणे आम्हाला अशक्य झाले. शाळा सोडतो असे कळवल्यावर त्या शाळेने थकलेल्या फीसाठी एल.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, अडवून धरली. दोन महिने खेटे घातले. अखेर पालिकेच्या शाळेत नुसती चौकशी करावी म्हणून गेले, तर आचार्यांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, शांतपणे सांगितले की दाखला मागाहून आला तरी चालेल, प्रवेश आजच घ्या. शिक्षणहक्क कायद्याच्या पाचव्या कलमात हे स्पष्ट लिहिले आहे : दाखला देण्यास उशीर झाला या कारणावरून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, आणि दाखला ताबडतोब न देणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते. दोन महिने मी ज्या कागदासाठी रडत होते त्याची गरजच नव्हती. ही माहिती मला एकाही प्रवेशोत्सवाच्या बातमीत वाचल्याचे आठवत नाही.

आमच्या घरातली जुनी माणसे या शाळेला अजून ‘सुधराईची शाळा’ म्हणतात. सुधराई म्हणजे नगरपालिका. शब्द गुजराती, पण बाबाजीपुऱ्यातल्या आमच्या मराठीत तो कधीच मुरून गेला आहे. इंग्रजी शाळेतून काढून सुधराईत घातली म्हटल्यावर नातेवाइकांची चुकचुक सुरू झाली. तिला परस्पर उत्तर दिले ते सासूबाईंनी, ज्या स्वतः सुधराईच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकल्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते की महाराजांच्या राज्यात मूल शाळेत न पाठवणाऱ्याला दंड भरावा लागे, तेव्हा शाळा कोणाची हे कोणी विचारत नव्हते. सासूबाईंचे इतिहासाचे ज्ञान ऐकीव असले तरी या बाबतीत पक्के आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध बडोदे संस्थानाला लागू केला. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानसाठी असेच विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता, तरी ते विधेयक नामंजूर झाले. जम्मू-काश्मीर वगळता साऱ्या देशाला सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात आला तो १ एप्रिल २०१० रोजी. बडोद्याने जे १०४ वर्षे आधी केले, त्याच गावात आज सुधराईच्या शाळेत मूल घातले म्हणून सांत्वनाला माणसे येतात.

पाचवीचे वर्ग प्रत्यक्ष भरले ते २२ नोव्हेंबर २०२१ रोजी, आणि त्याच आठवड्यात मला या शाळेची खरी ओळख झाली. मराठी माध्यमाची शाळा आमच्यापासून लांब असल्याने आम्ही गुजराती माध्यम घेतले होते. घरी मराठी, आतापर्यंतचे शिक्षण इंग्रजी, गुजराती फक्त गल्लीत खेळताना बोललेली, अशी मुलीची स्थिती होती. ती हिंदीच्या सवयीने प्रत्येक गुजराती शब्दावर शिरोरेघ ओढी. गुजराती लिपीला शिरोरेघ नाही हे तिला कळत होते, हाताला कळत नव्हते. मी वही उघडून पाहिली तेव्हा लाल शाईने खाडाखोड केलेली पाने दिसतील अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात बाईंनी एकाही शब्दावर काट मारली नव्हती. समासात पेन्सिलीने एक छोटे घर काढले होते, त्याचे छप्पर उडालेले होते, आणि खाली लिहिले होते, ‘छापरुं काढी नाख.’ पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात छप्पर काढण्याचा खेळ चालला. गुजराती ‘र’ आणि गुजराती दोनचा आकडा डोळ्यांना सारखेच दिसतात; त्यावर बाईंनी तिला सुचवले की आधी बाजूला काय आहे ते पाहा, आकडा आहे की अक्षर, आणि मग वाच. ही बाई एका वेळी अडतीस मुलांना शिकवत होती. कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, हे मी नंतर वाचले, आणि त्या चित्रातल्या घराची किंमत मला आणखी कळली.

एक गंमत येथेच सांगून टाकते. गुजरातीत इयत्तेला ‘धोरण’ म्हणतात. ‘माझे धोरण पाचवे आहे,’ असे मुलीने पुण्याच्या पाहुण्यांना सांगितले तेव्हा त्यांना वाटले की पोरीची आधीची चार धोरणे फसलेली दिसतात.

मार्च संपेपर्यंत ती मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंतच्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचू लागली होती. सहावीत एकम कसोटीच्या, म्हणजे घटक चाचणीच्या, वह्या घरी सहीसाठी येऊ लागल्या. त्यांत गुणांपेक्षा मला उपयोगी वाटली ती त्यांखालची फेरलेखनाची जागा : जे चुकले ते पुन्हा शिकवून पुन्हा लिहून घेतलेले असे. खासगी शाळेत मला चार वर्षांत फक्त टक्के कळले होते. येथे मुलीला अपूर्णांकांचा भागाकार येत नाही, हे कळले. अर्थात सर्व शिक्षक सारखे नसतात. सातवीत एका विषयाच्या वहीवर वर्षभर फक्त ‘जोयुं’ हा शेरा आणि तारीख होती. पाहिले एवढे खरे, वाचले असेलच असे नाही.

आता उणिवा, ज्यांत फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी होती पण पाणी दुपारनंतर नसे, आणि सहावीपासून पुढच्या मुलींसाठी ही लहान गोष्ट नव्हे; मुलगी घरून निघाल्यापासून पाणी कमी पिऊ लागली तेव्हा मला ते समजले. संगणकाची खोली कुलपात अधिक आणि उघडी कमी राही. मधल्या सुट्टीतले जेवण बाहेरच्या स्वयंपाकघरातून स्टीलच्या डब्यांतून येई. डाळ-भात ठीक असे, पोळी वातड होई, आणि सुखडी मिळणार त्या दिवशी हजेरी सर्वांत जास्त असे. सरकारी नियमानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. ताटात तेवढे पडत होते की नाही हे मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही, मात्र मुलगी घरी येऊन भुकेली म्हणाली असे क्वचितच झाले. स्मार्ट वर्गाच्या पडद्याचा विज्ञानाच्या सरांनी उत्तम उपयोग केला. त्यांनी हृदयाचे ठोके दाखवले तेव्हा मुलगी घरी येऊन आजीच्या छातीला कान लावून बसली. शेजारच्या वर्गात त्याच पडद्याच्या कडेला हजेरीपत्रकाची पिशवी लटकलेली मी पाहिली आहे.

बातम्यांच्या बाबतीत एक प्रसंग सविस्तर लिहिते, कारण माझा मुख्य मुद्दा तोच आहे. नगर प्राथमिक शिक्षण समितीचा बालमेळा कमाटीबागेत भरतो आणि शहरभरच्या पालिकेच्या शाळा त्यात आपापली कामे मांडतात. मुलगी सातवीत असताना तिच्या गटाने गढूळ पाणी गाळण्याची तीन थरांची नळी केली होती : कापलेली बाटली, तळाशी कापूस, वर कोळसा, त्यावर वाळू आणि खडे. चार मुलींनी आळीपाळीने उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला ती समजावून सांगितली. सासूबाईंना पाहताच एक गुजराती मुलगी, जिला आमच्या घरी येऊन येऊन मराठी येऊ लागले होते, मध्येच भाषा बदलून म्हणाली, ‘आजी, वाळू कचरा अडवते, कोळसा वास ओढून घेतो, पण जंतू मरत नाहीत, म्हणून पाणी उकळायचं.’ जंतू मरत नाहीत, हे वाक्य तिला कोणी पाठ करून दिले नव्हते. आदल्या दिवशी एका गृहस्थांनी, ‘मग हे पाणी पिऊन दाखव,’ असे म्हटल्यावर मुलींनी सरांना विचारून ते शोधून काढले होते. माझ्या मते त्या वर्षी त्या वर्गाने मिळवलेले सर्वांत मोठे यश ते वाक्य होते.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात बातमी आली. सासूबाईंना गुजराती वाचता येत नाही, म्हणून मुलीने त्यांना ती मराठीत सांगितली. तिच्या लक्षात न येता तो एक भाषांतराचाही धडाच झाला. बातमीत अकरा मान्यवरांची नावे होती, त्यांतील सहांच्या पदांसह. दीपप्रज्वलन होते, पुष्पगुच्छ होते, कार्यक्रमाचे सूत्रसंचालन कोणी केले तेही होते. मुलांविषयी एकच वाक्य होते, की बालकांनी विविध कृती सादर केल्या. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, ‘आणि पाणी?’ मुलीने कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

मला पाहुण्यांचा राग नाही. पण पालक म्हणून अशा बातमीचा मला उपयोग काय, हा प्रश्न मी विचारू शकते. गुणोत्सवात, म्हणजे शाळांच्या सरकारी मूल्यमापनात, शाळेला हिरवा रंग मिळाला की पिवळा, हे कळते. माझ्या मुलीच्या वर्गातल्या किती मुलांना धडा अडखळत न वाचता येतो, हे कळत नाही. आणि जे यश खरोखर पालकांच्या हाती काही देऊन जाते, त्याचा उल्लेख आला तरी एका ओळीत येतो. ‘शाळेचे इतके विद्यार्थी एन.एम.एम.एस.मध्ये गुणवत्ता यादीत,’ ही ओळ मी पूर्वी कित्येकदा वाचून पान उलटले असेल. त्या ओळीचा अर्थ मला मुलगी आठवीत गेल्यावर कळला.

एन.एम.एम.एस. म्हणजे केंद्र सरकारची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल व गुणवत्ता शिष्यवृत्ती; ती २००८ पासून चालू आहे. आई-वडिलांचे मिळून वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे, मुलाला सातवीत किमान ५५ टक्के असावेत, आणि तो सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीत शिकत असावा. निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये, थेट बँकेतल्या खात्यात जमा होतात. परीक्षेत दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटे : एक मानसिक क्षमतेचा, दुसरा विज्ञान, समाजशास्त्र आणि गणित यांचा. येथे एक अट अशी आहे की जी माहीत नसल्याने हातचे जाऊ शकते. नववीला मुलाला विनाअनुदानित खासगी शाळेत घातले तर शिष्यवृत्ती मिळत नाही. पुढे दहावीत ६० टक्के लागतात, आणि दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण करावे लागते. यादीत नाव लागल्याच्या आनंदात चांगल्या हेतूनेच मुलीला मोठ्या खासगी शाळेत घालणारे पालक असू शकतात; आम्हीच घालणार होतो. विज्ञानाच्या सरांनी वेळेवर थांबवले.

या परीक्षेची तयारी सरांनी ज्या रीतीने करून घेतली, तिच्यासाठी मी या शाळेला पाचपैकी पाच तारे देईन. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते दोन तास थांबत, आणि त्याचे त्यांना काही वेगळे मिळत नव्हते. उत्तरपत्रिकेचे गोल रंगवण्याच्या झेरॉक्स ते घेऊन येत. पहिल्याच सराव पेपरात एका हुशार मुलाने सतरावा प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेत सतराव्या रांगेतच अठराव्याचे उत्तर रंगवले, आणि पुढची सगळी उत्तरे एकेक घर सरकली. येत असलेल्या साठेक प्रश्नांपैकी त्याचे फक्त बावीस बरोबर धरले गेले. त्या दिवसापासून सरांनी प्रत्येकाला उत्तरपत्रिकेवर फूटपट्टी ठेवायला लावली. एक प्रश्न झाला की पट्टी एक रांग खाली. आरशातील प्रतिमांचे प्रश्न मुलीला जमत नव्हते, तेव्हा सासूबाईंनी कुंकू लावायचा आपला लहान आरसा काढून दिला आणि आठवडाभर जेवणाच्या वेळी घड्याळ, पंचांग, डब्यावरची अक्षरे असे जे दिसेल ते आरशात धरून वाचण्याचा उद्योग चालला. फॉर्म भरताना बाहेरच्या एका झेरॉक्सवाल्याने जन्मतारखेचा महिना चुकवला होता. तोही सरांनीच छापील प्रतीवर बोट ठेवून दाखवला, आणि मुदतीला दोन दिवस असताना दुरुस्त करवून घेतला.

कायद्याप्रमाणे शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, त्यामुळे शेवटच्या वर्षी माझाही नंबर लागला. पहिल्या बैठकीत चहा झाला आणि सह्या झाल्या. दुसऱ्या बैठकीत मी धीर करून म्हटले की फाटकाजवळच्या फळ्यावर सुविचाराबरोबर पालकांच्या कामाची माहितीही लिहावी : शिष्यवृत्तीच्या अटी, फॉर्मची शेवटची तारीख, उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो ते, आठवीतून बाहेर पडणाऱ्या मुलींसाठी २०२४ मध्ये आलेल्या राज्य सरकारच्या नमो लक्ष्मी योजनेचे नववी ते बारावीचे मिळून ५०,००० रुपये आणि त्यासाठी लागणारी ८० टक्के हजेरी. आचार्यांनी नकार दिला नाही. त्यांनी फळ्याचे दोन भाग करणारी एक पांढरी रेघ त्याच दिवशी मारून घेतली. डावीकडे सुविचार रोज बदलतो; उजवीकडचा मजकूर कधीकधी महिनाभर तसाच राहतो आणि पावसात पुसलाही जातो, पण सकाळी मुलांना सोडायला आलेल्या बाया तेथे थांबून मोबाइलने त्याचा फोटो काढताना मी पाहिल्या आहेत.

शाळा निवडू पाहणाऱ्या मराठी घरांसाठी दोन गोष्टी. घरी मराठी आहे म्हणून गुजराती माध्यमाला घाबरू नये. २०२३ च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकणे भागच आहे, आणि भाषा शिकवण्याची सवय या शाळांइतकी मला दुसरीकडे दिसली नाही. शाळा पाहायला जाल तेव्हा मात्र आचार्यांच्या खोलीतल्या ढाली पाहून परत येऊ नका. पाचवी-सहावीतल्या चार वह्या मागून घ्या, मुलींचे स्वच्छतागृह दुपारी दोननंतर पाहा, आणि आठवीला शनिवारी कोण थांबते ते विचारा. पहिलीत घालायचे असेल तर १ जूनला मुलाला सहा वर्षे पूर्ण हवीत, त्याआधी बालवाटिका.

शिष्यवृत्तीचा निकाल लागला त्या दिवशी आम्ही तिघी शाळेत गेलो. बातमी कोठे आली नव्हती. फळ्याच्या उजव्या भागात खडूने तीन नावे लिहिली होती, त्यांत दुसरे आमच्या मुलीचे. आडनावावरचा अनुस्वार सुटला होता. तिने इकडेतिकडे पाहिले, खाली पडलेला खडूचा तुकडा उचलला, टाचा उंचावल्या आणि टिंब दिले.